मदत हवी आहे: क्यूएमूवर चालणारा कर्नल लॅपटॉपवर रीस्टार्ट होतो

धागाकर्ता:
स्वतः लिहिलेली ६४-बिट ऑपरेटिंग सिस्टीम क्यूएमू (संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि ओव्हीएमएफवर (त्यात चालणारे फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू करणारे सॉफ्टवेअर) नीट शेलपर्यंत पोचते. ती आता ११व्या पिढीच्या आय३ लॅपटॉपवर उतरवायची आहे (८ जीबी रॅम, १३६६ बाय ७६८ पॅनेल). सिक्युअर बूट बंद आहे, पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. लोडरच्या ओळी स्क्रीनवर येतात, मेमरी मॅपही छापला जातो. मग स्क्रीन काळी होते आणि लगेच पुन्हा कंपनीचा लोगो. माझ्या पेज टेबलात (कोडातला पत्ता खऱ्या पत्त्याशी जोडणारा तक्ता) पहिले ४ जीबी आयडेंटिटी मॅप आहेत (दोन्ही पत्ते सारखेच), २ एमबीच्या पानांनी. लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-सिरियल केबल आणली तर लॉग मिळेल का?

प्रतिसाद १:
केबलवर खर्च करू नका. ती चालायला कर्नलमध्ये आधी एक्सएचसीआयचा (यूएसबी कंट्रोलर) आणि मग त्या केबलच्या चिपचा ड्रायव्हर लागेल, आणि तुमचा कर्नल तर पहिल्याच पायरीवर पडतोय. ३एफ८ पत्त्यावर (सिरियल पोर्टचा ठरलेला पत्ता) लिहिलेले अशा लॅपटॉपवर कुठेच दिसत नाही. जुन्या डेस्कटॉप बोर्डाचा ९ पिनांचा पोर्ट कामाचा असतो, पण तिथे हीच चूक दिसेल याची खात्री नाही.

त्यापेक्षा शंका असेल तिथे इंटरप्ट बंद करून हॉल्टचा अखंड लूप टाका. लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर तसाच थांबला तर कोड तिथवर पोचला. रीस्टार्ट झाला तर चूक त्याच्या आधी. चार-पाच फेऱ्यांत नेमकी ओळ हाती लागते. फक्त बूट सर्व्हिसेस (कर्नलने ताबा घेईपर्यंत फर्मवेअर पुरवते त्या सोयी) चालू असताना थांबवत असाल तर फर्मवेअरचा ५ मिनिटांचा वॉचडॉग टायमर आधी बंद करा, नाहीतर तोच रीस्टार्ट करेल आणि तुम्ही भलत्या जागी शोधत बसाल.

प्रतिसाद २:
लगेच रीस्टार्ट म्हणजे बहुतेक ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाच पुन्हा चुका होऊन प्रोसेसर रीसेट होणे), आणि माझा संशय फ्रेमबफरवर (स्क्रीनवरच्या चित्राची मेमरी) आहे. क्यूएमूच्या साध्या व्हीजीएचा फ्रेमबफर ४ जीबीच्या आत असतो, म्हणून तिथे तुमचे मॅपिंग पुरते. या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सवर फर्मवेअर तो बराच वर ठेवू शकते. सीआर३ (पेज टेबलाचा पत्ता ठेवणारे प्रोसेसरचे रजिस्टर) भरल्यावर पहिला पिक्सेल लिहिला की पेज फॉल्ट (पत्त्याचे मॅपिंग नाही किंवा चुकीचे आहे), आयडीटी (चुका हाताळणाऱ्या कोडचा तक्ता) तयार नाही, मग डबल, मग ट्रिपल. एक्झिट बूट सर्व्हिसेसच्या आधी जीओपीकडून (फर्मवेअरची ग्राफिक्सची सोय) मिळालेला पत्ता छापून बघा.

दुसरे, पेज टेबलांसाठी घेतलेली पाने शून्याने भरता ना? क्यूएमूची रॅम सुरुवातीला कोरी असते, खऱ्या रॅममध्ये आधीचा कचरा असतो. राखीव बिटे लागलेली नोंद प्रोसेसरने वाचली की तोच पेज फॉल्ट. बीएसएसचेही (सुरुवातीला शून्य असायला हवी अशी चलांची जागा) तेच.

धागाकर्ता:
पाने शून्याने भरतो. पत्ता हेक्समध्ये ४ आणि पुढे ९ शून्ये असा आला.

प्रतिसाद २:
मग तेच. हा पत्ता बरोबर २५६ जीबीवर पडतो. पीएमएल४ची (सर्वांत वरचे पेज टेबल) ० क्रमांकाची नोंद ५१२ जीबीपर्यंत पुरते, त्यामुळे ती तशीच ठेवा. खालच्या टेबलात २५६ क्रमांकाची नोंद नवीन लागेल आणि तिच्याखाली एक पेज डिरेक्टरी (२ एमबीच्या पानांच्या नोंदींचे टेबल). पत्ता कोडात कायमचा लिहू नका, जीओपीकडून घेऊन क्रमांक काढा. दुसऱ्या लॅपटॉपवर तो वेगळा असेल.

किती पाने? २ पुरत नाहीत. १३६६ × ७६८ × ४ म्हणजे ४१,९६,३५२ बाइट, आणि २ एमबीची दोन पाने ४१,९४,३०४. शेवटच्या ओळीला फॉल्ट येईल. ३ घ्या.

धागाकर्ता:
रीस्टार्ट थांबला! पण अक्षरे तिरपी दिसतात, खाली येताना डावीकडे कलतात.

प्रतिसाद १:
ओळीची लांबी १३६६ धरली आहे. जीओपीचे पिक्सेल्सपरस्कॅनलाइन (मेमरीतली ओळीची खरी लांबी) वापरा. या ग्राफिक्सवर ओळ ६४ बाइटच्या पटीत ठेवतात; १३६६ पिक्सेलचे ५४६४ बाइट होतात, त्याला ६४ने पूर्ण भाग जात नाही. पुढचा पूर्ण आकडा ५५०४, म्हणजे १३७६ पिक्सेल. तुमच्याकडेही १३७६ आले, तर दर ओळ १० पिक्सेल सरकते आहे. क्यूएमूत ८०० किंवा १०२४ रुंदीवर दोन्ही आकडे सारखे, म्हणून ही चूक तिथे लपली. लाल-निळे उलटे दिसले तर पिक्सेल फॉरमॅटही तिथूनच वाचा.