सिग्नलला ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रल करावी का?

कर्वेरस्ता: यंदा टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारी) ऑटोमॅटिक घेतली. काका म्हणतात, सिग्नल लागला की न्यूट्रल कर, गिअरबॉक्स जास्त टिकतो. शोरूमवाले म्हणाले, डीमध्येच (ड्राइव्ह, म्हणजे चालत्या गिअरमध्येच) राहू द्या. आमच्याकडे पावलोपावली सिग्नल. कोणाचं ऐकू?

सायनकर: काकांचं ऐका. डीमध्ये ब्रेक दाबून उभ्या असता तेव्हा कन्व्हर्टरची इंजिनकडची बाजू फिरत असते आणि चाकांकडचं टर्बाइन जागेवर अडकलेलं असतं. इंजिनची ती ताकद तेल घुसळण्यात जाते, तेल तापतं. तापलेलं तेल हाच या गिअरबॉक्सचा शत्रू. मे महिन्यात, एसी चालू असताना सायनच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून बघा. शिवाय न्यूट्रलला गाडीची थरथर कमी होते आणि पेट्रोलही थोडं वाचतं.

गॅरेजवाला दादा: तेल तापतं हे खरं, पण आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन ताकद लावतं ती केवढी? तेवढी उष्णता ऑइल कूलर सहज ओढून घेतो. गिअरबॉक्स खरा तापतो तो भरलेली गाडी घाट चढताना, किंवा वाळूत चाक रुतलं तरी ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की.

आता काकांच्या सवयीने काय होतं ते बघा. डीमध्ये उभं असताना गिअरबॉक्सच्या आतल्या, ताकद पुढे नेणाऱ्या क्लच प्लेटा घट्ट धरलेल्या असतात. घसरण होते ती फक्त तेलात, तिथे घासायला काही नाही. न्यूट्रल केलं की टर्बाइन मोकळं फिरायला लागतं. पुन्हा डी टाकलं की चाकं ब्रेकने धरलेली, आणि त्या फिरत्या टर्बाइनला प्लेटांनी थांबवायचं. म्हणजे जे वाचवायचं तेच दर सिग्नलला झिजवायचं. झीज थोडीच, पण कशासाठी?

सायनकर: मग काही गिअरबॉक्स उभं राहिल्यावर आपणहून न्यूट्रलसारखे होतात, ते कसं? कंपन्यांना कळत नाही का?

गॅरेजवाला दादा: ते इंधन वाचवायला. तिथे संगणक क्लच पूर्ण सोडत नाही, जेमतेम टेकवून ठेवतो आणि ब्रेकवरून पाय उचलला की बेताने दाब वाढवतो. आपण काय करतो? हिरवा दिवा, मागून हॉर्न, घाईत डी टाकला आणि तो लागायच्या आत ॲक्सिलरेटर. तो दणका प्लेटांना बसतो.

एएमटीवाला: बाकीच्यांनी हे वाचून एएमटीला लावू नका. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी पसरली, तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाहीच. नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. डीमध्ये ब्रेक धरून थांबलात की क्लच दाबलेलाच राहतो आणि क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो. म्हणून लांब सिग्नलला मी न्यूट्रल करतो. आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो.

खंबाटकी: झीज राहू द्या बाजूला, जिवाचं बोला. फ्लायओव्हरच्या चढावर न्यूट्रलमध्ये ब्रेकवरून पाय सैल झाला की गाडी मागे जाते, आणि मागे दुचाकी असते. त्याहून वाईट म्हणजे हीच सवय उतारावर नेणारे. घाट उतरताना न्यूट्रल केलं की इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर. ते तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. आणि पेट्रोल वाचतं म्हणणाऱ्यांना सांगतो, आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळ इंधन बंदच असतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावंच लागतं. कृपा करून घाटात हे करू नका.

सायनकर: उतारावर नाहीच, तिथे शंभर टक्के सहमत. मी उभ्या गाडीबद्दल बोलतोय. सपाट रस्त्यावर, हँडब्रेक ओढून. दोन-तीन मिनिटं ब्रेक धरून पाय भरून येतो, त्याचं काय?

गॅरेजवाला दादा: पायासाठी करत असाल तर जरूर करा. हँडब्रेक आधी, न्यूट्रल नंतर. निघताना डी टाकून गाडीने गिअर घेतल्याचं जाणवू द्या, मग ॲक्सिलरेटर. गिअरबॉक्स टिकावा म्हणून करत असाल तर उपयोग नाही.

कर्वेरस्ता: आणि रेल्वे फाटक लागलं तर?

गॅरेजवाला दादा: पी (पार्क) टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा.

सायनकर: मी सिग्नलला न्यूट्रलच करणार. मुंबईच्या उकाड्यात तेल जितकं कमी तापेल तितकं बरं.