थिअरी भरून निघते, वॉर्ड नाही

ऑनलाइन वर्गांबद्दल 'रेकॉर्डिंग पुन्हा पाहता येतं, मग नुकसान कसलं?' असं म्हटलं जातं, ते थिअरीपुरतं ठीक. पण चीनमध्ये एमबीबीएस करणारी आपली मुलं आठवा. कोरोनामुळे २०२०च्या सुरुवातीला घरी आली ती ऑगस्ट २०२२मध्ये चीनचे व्हिसा पुन्हा सुरू होईपर्यंत इथेच अडकली, ऑनलाइन शिकत राहिली. तिकडचा सकाळी आठचा तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. तेही एक वेळ जमेल. पण यकृत वाढलंय का, हे पोटाला हात न लावता स्क्रीनवर कसं कळणार? शेवटच्या वर्षाची जी मुलं ३० जून २०२२पर्यंत पदवी पूर्ण करू शकली, त्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एफएमजीई (परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) देऊ दिली, पण इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची केली. रुग्णांच्या दृष्टीने योग्यच. मुलांना मात्र तो दंड वाटला, सीमा त्यांनी थोडीच बंद केली होती!