मदत हवी आहे: व्हेरा जास्त खाष्ट की फर्ग्युसन?

मी आणि माझी नणंद सध्या 'प्रिझनर' बघतोय. बायकांच्या तुरुंगावरची जुनी ऑस्ट्रेलियन मालिका, १९७९ ते १९८६, तब्बल ६९२ भाग! (हो, वेळ आहे आमच्याकडे.) वाद पेटलाय तो दोन पहारेकरणींवरून.

नणंदेचं मत जोन फर्ग्युसनला. झडतीआधी ती काळे चामडी हातमोजे असे सावकाश चढवते की बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. मला मात्र व्हेरा बेनेट जास्त खरी वाटते. घरी आजारी, टोचून बोलणारी आई. तो सगळा कडवटपणा ही कैद्यांवर काढते. असं माणूस आपल्याही ओळखीत असतं. फर्ग्युसन भारी आहेच, पण कधीकधी अगदीच नाटकी.

पंचाईत अशी की या दोघी समोरासमोर येतच नाहीत. व्हेरा १९८१ मध्ये मालिकेतून बाहेर पडली, फर्ग्युसन १९८२ मध्ये आली. याच मालिकेच्या नव्या अवतारात, २०१३ च्या 'वेंटवर्थ'मध्ये, दोघी एकत्र आहेत म्हणे, पण तिथली व्हेरा सुरुवातीला अगदी बुजरी. मग ती तुलना धरायची का? आणि व्हेराचा दुष्टपणा ठसठशीत दिसेल असे जुने भाग कोणते? रविवारी नणंद येतेय, त्याआधी सांगा.