मदत हवी आहे: कप साच्यातून सुटेनात!

पडवीतली
लगेच सांगा कुणीतरी. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती (स्लिप) ओतून पोर्सेलिनचे कप करतेय. गेल्या आठवड्यापर्यंत दहा मिनिटांत साच्याच्या आतून मातीची भिंत धरायची आणि तासाभरात कप आपसूक सुटायचा. आता तीन तास झाले तरी चिकटलेलाच. काल ओढला तर कड हातात आली, बूड साच्यात राहिलं. २४ कपांची ऑर्डर आहे, रविवारी भट्टी लावायचीय.

घुम्या
साचा किती जुना? दिवसाला किती वेळा ओततेस? स्लिपच्या एका लिटरचं वजन किती? काहीच सांगितलं नाहीस.

पडवीतली
साचा मार्चमधला. दिवसाला पाच वेळा. वजन कशाला करायचं, हाताला कळतं की.

पेणकर पोरगा
रबराचा साचा कर. आमच्याकडे मूर्तींना तोच वापरतात. तेलाचा हात फिरवला की सट्कन सुटतं.

घुम्या
अरे, रबर पाणी पितं का? प्लास्टरने पाणी ओढलं तरच भिंत धरते. आणि तेल लावलंस तर साच्याची छिद्रंच बुजली.

किनाऱ्यावरची
पण २०२० मध्ये प्लास्टरवर बंदी आली होती ना?

पेणकर पोरगा
ती मूर्तींसाठी होती. ही काय साच्याचं विसर्जन करणार आहे? आणि आमच्या पोटावर आलेल्या त्या बंदीबद्दल बोलायचं तर वेगळा धागा काढा.

मालवणी आजो
गो बाय, साचे सुकवतंस खंय? ह्या पावसात माझ्या धोतराक चार दिस लागतत.

पडवीतली
चुलीशेजारी. बाहेरून कापसासारखी पांढरी लव येते, ती बुरशी पुसून टाकते.

घुम्या
थांब. स्लिप पातळ करायला सोडियम सिलिकेट किती घालतेस?

पडवीतली
घट्ट वाटली की चमचाभर. या आठवड्यात चारपाचदा घातलं असेल.

घुम्या
मग सापडलं. किलोभर कोरड्या पावडरीला तीनचार ग्रॅम पुरतात. त्यापुढे गेलीस की स्लिप पातळ व्हायच्या ऐवजी उलट घट्ट होते, तू आणखी घालतेस आणि कप साच्याला धरून बसतो. शिवाय जास्तीचं सिलिकेट प्लास्टर खातं. ती लव बुरशी नाही, क्षार आहे. कोरड्या ब्रशने झाड, धुऊ नकोस. चुलीपासून लांब पंख्याखाली ठेव, पन्नास अंशांपुढे तापलं तर प्लास्टर भुसभुशीत होतं. दोन दिवस ओतूच नकोस. स्लिप टाकून देऊ नकोस, सिलिकेट न घालता भिजवलेली ताजी स्लिप त्यात थोडीथोडी मिसळ.

निळाई
नक्षी कोबाल्टच्या निळ्या रंगाची का? नुसता कोबाल्ट ऑक्साइड ग्लेझखाली (वरच्या काचेसारख्या लेपाखाली) पसरतो. त्यात चमचाभर पांढरी स्लिप कालव, रेघ जागची हलत नाही. माझे बांगडे आधी सगळे देवमासे व्हायचे.

पडवीतली
ताई, नक्षीचं नंतर बघू. आधी कप तर निघू देत.

घुम्या
वजन केलंस का? साधारण १७५० ते १८०० ग्रॅम भरायला हवं.

पडवीतली
केलं. १६४० भरलं. सासूबाई म्हणतात, मी बाजारात गेले की बादलीतली माती घट्ट दिसायची, म्हणून त्या तांब्याभर पाणी घालायच्या. रोज.

मालवणी आजो
सासूक काय बोलू नको. रविवारची भट्टी पुढे ढकल.