बालीतल्या बाटुआन आणि पेनेस्तानान या गावांची चित्रं एका साच्यातली नाहीत
'बालीची आधुनिक चित्रं सगळी सारखीच, पर्यटकांसाठी काढलेली' असं कुणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. बालीतल्या उबुड या गावाच्या दक्षिणेला बाटुआन गाव आहे. १९३० च्या दशकात तिथल्या चित्रकारांनी कागदावर काळ्या शाईचे पातळ हात एकावर एक देत अंधार उभा केला. रात्रीचं रान, लेयाक चेटकिणी, माणसांची दाटी. बोटभर जागा रिकामी नाही! बेटसन आणि मीड या मानववंशशास्त्रज्ञांनी तेव्हाच ही चित्रं शेकड्यांनी जमवली. उबुडजवळच्या पेनेस्तानानचं वेगळं: १९६० च्या सुमारास मूळचे डच चित्रकार आरी स्मिट यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांना रंग दिले, विषय दिला नाही. भडक, सपाट रंगांत त्यांचं रोजचं गाव उमटलं. मला मात्र बाटुआनचा काळोखच जास्त ओढतो.