द्राक्ष बागायतदारांपुढे रेसिड्यूवर (फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशांवर) प्रेझेंटेशन द्यायचंय, मांडणी कशी करू?

नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची) सुरू व्हायच्या आत, मंदिराच्या सभामंडपात, निर्यातीचा माल करणाऱ्यांपुढे २० मिनिटं बोलायचंय. समोरचे काका-दादा माझ्या जन्माआधीपासून द्राक्ष पिकवतात, त्यांना मी शेती काय शिकवणार! पण एक गोष्ट त्यांच्या मनात उतरायलाच हवी: काढणी जवळ आली की लेबलवरचा पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचं किमान दिवसांचं अंतर) मोडून फवारायचं नाही, आणि प्रत्येक फवारणी त्याच दिवशी वहीत लिहायची.

अडतंय ते आकड्यांपाशी. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा. स्लाइडवर हे वाचून डोळ्यासमोर काहीच येत नाही. हिशेब केला तर १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम होतो, म्हणजे साधारण सात-आठ कंटेनरमध्ये मिळून. इथून सुरुवात करू? की २०१० पासून, जेव्हा सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या) अंशामुळे आपले कंटेनर युरोपात अडकले? तो हंगाम अनेकांनी सोसलाय, सभा लगेच कान देईल. पण मग सगळा वेळ व्यापाऱ्यांवरच्या तक्रारींतच जाईल अशी धास्ती आहे.

शिवाय मंडपात दिवसा प्रोजेक्टर फिका दिसतो. फ्लेक्सवर एकच मोठा तक्ता लावला तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, फ्लेक्सच लावा. लाइटचा भरवसा नाही, आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही वाचता येतो. सुरुवात १ ग्रॅमनेच करा. सोनाराच्या काट्यावर १ ग्रॅम मीठ तोलून पुडी करा, ती सभेत हातोहात फिरू द्या, आणि तेवढा वेळ गप्प राहा. २०१० चा विषय बोलता बोलता दोन वाक्यांत आणा: सीसीसी खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या सुमाराची, काढणीच्या कितीतरी महिने आधीची) वापरलं, तरी मण्यांत सापडलं. तक्रारीला तिथे जागाच उरत नाही.

तयारी १२ मिनिटांचीच करा, बाकी वेळ प्रश्नांना ठेवा. घरी कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात वाचलं की वेळेचा अंदाज चुकतो.

एक प्रश्न नक्की येणार, आम्हीच विचारतो: "काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, भुरी (बुरशीचा रोग) दिसली, तर पीएचआय बघत बसायचं का?" इथे अडखळलात तर आधीचं सगळं वाया. उत्तर लिहून इथे टाका, आम्ही चार बागायतदार तपासून देतो.