पेनड्राइव्ह आपोआप माउंट झाला, तर बिघडते काय?

मांजराकाठ:
‘ज्याला माउंटची आज्ञा हाताने देता येत नाही, त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, आपोआप माउंट होणे हे आळशी लोकांचे चोचले आहेत,’ असे काल येथे कोणीतरी लिहिले आहे. ते वाचून गप्प बसवले नाही. (माउंट म्हणजे जोडलेली डिस्क एखाद्या फोल्डरसारखी वापरता येईल अशी करणे.) लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, रोज ५०-६० पेनड्राइव्ह माझ्या काउंटरवर येतात. प्रत्येक वेळी संगणकाने याला ‘एसडीबी१’ नाव दिले की ‘एसडीसी१’ ते पाहायचे, सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने, माउंट करायचे, मग फाइली रूटच्या मालकीच्या दिसतात म्हणून युआयडीचा (वापरकर्त्याच्या क्रमांकाचा) पर्याय देऊन पुन्हा माउंट करायचे, आणि तोवर रांगेतल्या बापाने एसटी चुकेल म्हणून घड्याळाकडे पाहत राहायचे, ही कोणती साधना? युडिस्क्स ही आपोआप माउंट करणारी सेवा हेच काम माझ्या लॉगिनच्या मालकीने करते आणि नोसुइड व नोडेव्ह हे सुरक्षेचे पर्याय न सांगता लावते. हाताने माउंट करणाऱ्या शूरांपैकी किती जण ते आठवणीने लावतात?

गोदाकाठ:
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. आमची मोंढ्यात अडत आहे. हिशेबाच्या संगणकाला बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असे आणि रात्री ११ वाजता रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) आरसिंक ही फाइलींची नक्कल करणारी आज्ञा चाले. एका संध्याकाळी लाइट गेली आणि आली, संगणक आपोआप सुरू झाला, पण लॉगिन कोणीच केले नाही. तुमचे लाडके आपोआप माउंट डेस्कटॉपवर लॉगिन झाल्यावरच जागे होते. त्यामुळे डिस्क माउंट नव्हती. आरसिंक चालवणाऱ्या स्क्रिप्टने डिस्कच्याच ‘बॅकअप’ या नावाचा फोल्डर ‘/रन/मीडिया’खाली तयार केला आणि सगळा हिशेब त्यात ओतला. तो भाग डिस्कवर नसतो, रॅममध्ये असतो. सकाळी मुनीमजींनी लॉगिन केले तेव्हा ‘बॅकअप’ हे नाव अडलेले होते, म्हणून खरी डिस्क ‘बॅकअप१’ या नावाने माउंट झाली. पुढचे तीन आठवडे स्क्रिप्ट रोज यशस्वी होत राहिली. मग मूळ हार्डडिस्क बसली, संगणक बंद करावा लागला आणि तीन आठवड्यांच्या पट्ट्या आम्ही कागदावरून पुन्हा चढवल्या. सोयीची ही किंमत रांगेतल्या बापाला सांगा.

मांजराकाठ:
नुकसान झाले याचे वाईट वाटते. पण साहेब, हा दोष स्क्रिप्टचा आहे. आरसिंकच्या आधी, डिस्क माउंट आहे का ते तपासणारी ‘माउंटपॉइंट -क्यू’ची एक ओळ असती तर ती पहिल्याच रात्री थांबली असती. कायम जोडलेली डिस्क युडिस्क्सच्या भरवशावर सोडायचीच नसते. ती यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक) देऊन एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना माउंट करायच्या डिस्कच्या यादीत, लिहायची आणि ‘डिस्क नसली तरी पुढे चल’ असे सांगणारे ‘नोफेल’ लावायचे, नाहीतर डिस्क नसेल त्या दिवशी संगणक ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. येणारा-जाणारा पेनड्राइव्ह ही गोष्टच वेगळी आहे.

बालाघाटी:
आपल्या भांडणात माझा अनुभव राहून जातो. मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. पडद्यावरची कॉपीची प्रगती दाखवणारी पट्टी पूर्ण झाली म्हणून मी पेनड्राइव्ह ओढून काढला आणि शाळेत उघडला, तर सहामाहीची प्रश्नपत्रिका शून्य बाइटची.

गोदाकाठ:
पाहा! हाताने माउंट करणारा अनमाउंटही हाताने करतो. आयते मिळालेल्याला ते सुचत नाही.

मांजराकाठ:
हे आपण मोंढ्यातल्या गादीवर बसून ठरवलेले दिसते. पट्टी पूर्ण झाली म्हणजे मजकूर रॅममध्ये पोहोचला. डिस्कवर तो कर्नल (लिनक्सचा गाभा) सवडीने उतरवतो, न लिहिलेला मजकूर ३० सेकंदांचा झाला की मगच त्याला घाई सुटते. कोणी माउंट केले, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइके कॉपी होताच पेनड्राइव्ह हिसकावतात, म्हणून मी ‘इजेक्ट’ झाल्याशिवाय पावतीच फाडत नाही.

गोदाकाठ:
मग सरळ मजकूर लगोलग डिस्कवर उतरवणाऱ्या ‘सिंक’ पर्यायाने माउंट करा.

मांजराकाठ:
एकदा करून पाहा. कॉपी बैलगाडीच्या गतीने होते आणि स्वस्त पेनड्राइव्ह वारंवार लिहिण्याने लवकर झिजतो. फॅट या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेसाठी ‘फ्लश’ हा मधला मार्ग आहे. फाइल बंद झाली की तो मजकूर लगेच उतरवू लागतो.

गोदाकाठ:
बरे, शिक्षण झाले. आज रात्रीपासून ती ‘माउंटपॉइंट’ची एक ओळ लावतो. आपल्या दुकानाची पावती पाठवून द्यावी.

बालाघाटी:
दोघांचेही आभार, परंतु माझी प्रश्नपत्रिका परत मिळेल काय, हे कोणीच सांगितले नाही.

मांजराकाठ:
सर, जे डिस्कवर उतरलेच नाही ते मिळणार नाही. मूळ संगणकावरच पाहा. त्याच पेनड्राइव्हवर जुना मसुदा असून तो पुसला गेला असेल, तर मात्र आशा आहे. त्यावर आता काहीही लिहू नका, डीडीरेस्क्यूने संपूर्ण इमेज (पेनड्राइव्हची हुबेहूब प्रत) घ्या आणि पुसलेल्या फाइली शोधणारे फोटोरेक त्या इमेजवर चालवा. आणि हो, पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन आपोआप माउंट बंद करा.

गोदाकाठ:
शेवटचे वाक्य कृपया ठळक अक्षरांत लिहावे.